वावराची कॉलनी होताना नकाशा कोण वाचतो?

धुळे, जळगाव, नंदुरबार, नाहीतर अमळनेर-शिरपूर घ्या. गावाबाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला एक दृश्य ठरलेलं. काल-परवापर्यंत कपाशी उभी असलेलं वावर, त्यात फक्कीने आखलेले रस्ते, सिमेंटचे खुंट आणि तोंडाशी 'एन.ए. प्लॉट' असा फलक. वावरात प्लॉट पडले, असं आपण सहज म्हणतो. प्लॉट पडतात म्हणजे नेमकं काय होतं, ते एकदा आकड्यांत मांडून पाहावं.

दोन हेक्टरचं, म्हणजे साधारण पाच एकरांचं वावर धरा. एकूण २०,००० चौरस मीटर. नियमाप्रमाणे १० टक्के खुली जागा सोडली की २,००० गेले. आतले रस्ते जवळजवळ चौथा हिस्सा खातात, ते ५,००० गेले. उरलेल्या १३,००० चौरस मीटरमध्ये दीडशे मीटरचे ८६ प्लॉट बसतात. घरटी साडेचार माणसं धरली तर ३९० माणसांची वस्ती झाली. माणशी रोज १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष लावला, तर रोज ५२ हजार लिटर पाणी आत येणार आणि त्यातलं ८० टक्के, म्हणजे सुमारे ४२ हजार लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडणार. हे पाणी जाणार कुठे? ले-आउटच्या नकाशावर गटार रस्त्याच्या कडेने काढलेलं असतं आणि बांधाशी येऊन संपतं. बांधापलीकडे दुसऱ्याची कपाशी. मग घरोघरी शोषखड्डे खणले जातात. पण आपल्या तापी खोऱ्यातली काळी माती पाणी प्यायली की फुगते, तिच्यातल्या फटी मिटतात आणि शोषखड्डा भर पावसाळ्यात तुंबतो. हीच माती उन्हाळ्यात तडकते, म्हणून खाली मुरूम-खडीचा पुरेसा थर न घातलेला कॉलनीतला रस्ताही टिकत नाही.

हे सगळं खुंट रोवण्याआधी दिसायला हवं होतं. ते पाहण्याचं रीतसर शिक्षण असतं आणि त्यालाच नगररचना म्हणतात. आमचं म्हणणं असं, की खानदेशच्या शहरांना हे शिक्षण घेतलेली इथलीच माणसं हवीत. भूगोल, अर्थशास्त्र किंवा स्थापत्य शिकलेल्या पदवीधराला ती वाट आजही मोकळी आहे. आणि जिथे ती अडते तिथे दोष विद्यार्थ्याचा नसून नियमांचा आणि आपल्या संस्थांच्या उदासीनतेचा आहे.

गरज किती आहे हे नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१च्या अहवालात आलं आहे. देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांना विकास आराखडाच नाही. राज्यांच्या नगररचना विभागांत १२ हजारांवर नगररचनाकार हवेत. मंजूर पदं ४ हजारांच्याही आत आणि त्यातली जवळपास निम्मी रिकामी. ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांची यादी दिली, तिच्यात पहिलंच काम नगर नियोजनाचं आहे. यादीत काम पहिलं आलं, ते करणारा माणूस मात्र बहुतेक नगरपरिषदांकडे नाही.

आता वाट. नगर नियोजनाची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.प्लॅन किंवा काही ठिकाणी एम.टेक., दोन वर्षांची, चार सत्रांची असते. तिला वास्तुशास्त्र, नियोजन किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी चालते. बऱ्याच संस्थांत भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांची पदव्युत्तर पदवीही चालते. प्रवेशासाठी मुख्यतः गेट ही देशपातळीवरची परीक्षा धरतात. तिचा 'आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग' हा पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्नांचा, १०० गुणांचा असतो. त्यात १५ गुण सामान्य क्षमतेचे, ६० गुण सर्वांना समान भागाचे आणि २५ गुण वैकल्पिक भागाचे. वैकल्पिक भागात वास्तुशास्त्र किंवा नियोजन यांपैकी एक निवडता येतं. वास्तुशास्त्र न शिकलेल्याने डोळे मिटून नियोजन घ्यावं. गुणांक तीन वर्षं चालतो आणि गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला की दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. फी आणि खोलीभाडं यांच्या धास्तीने घरची मंडळी मागे खेचतात तेव्हा हा आकडा त्यांच्यासमोर ठेवायला हवा.

इथे एक खड्डा आहे, आणि हुशार मुलंही त्यात पडतात. गेटला आता कला आणि वाणिज्य शाखेचा पदवीधरही बसू शकतो. त्यामुळे भूगोल घेऊन बी.ए. झालेली मुलगी परीक्षा देते, बरा गुणांक आणते आणि प्रवेशाच्या वेळी कळतं की संस्था एम.ए. मागते आहे. परीक्षेची पात्रता वेगळी, प्रवेशाची वेगळी. म्हणून क्रम असा ठेवावा: एम.ए.च्या पहिल्या वर्षातच हव्या असलेल्या चार-पाच संस्थांची पात्रतेची कलमं काढून ठेवायची, एम.ए.ला त्या मागतात तेवढे टक्के राखायचे आणि दुसऱ्या वर्षात गेट द्यायची. स्थापत्यवाल्यांचा खड्डा निराळा. काही संस्था नियोजनाला स्थापत्यचा गेट पेपर धरतात, काही धरत नाहीत. चुकीच्या पेपरपायी वर्ष जातं.

संस्था दूर आहेत ही तक्रार खानदेशाने करू नये. सुरतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत नगर नियोजन शिकवतात आणि नंदुरबार तर सुरत-भुसावळ लोहमार्गावरच आहे. भुसावळहून भोपाळची गाडी थेट मिळते. तिथे नियोजन व वास्तुकला विद्यालयही आहे आणि राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थाही. पुण्याचं सीओईपी, म्हणजे पूर्वीचं अभियांत्रिकी महाविद्यालय, नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, पुढे दिल्ली, खरगपूर, रुरकी. यांतल्या निम्म्या गावांना आपली माणसं कापसाच्या नाहीतर केळीच्या कामाने जातच असतात.

घोडं खरं अडतं ते पदवीनंतर. राज्याच्या नगररचना विभागात रचना सहायक, सहायक नगररचनाकार, नगररचनाकार, पुढे सहायक संचालक अशी पायरी आहे. वरची पदं लोकसेवा आयोगामार्फत भरतात. जाहिरातीत पात्रतेचा भर स्थापत्य, वास्तुशास्त्र, नगर नियोजन अशा मूळ पदवीवर असतो. भूगोलाच्या एम.ए.वर एम.प्लॅन केलेल्याने ते कलम शब्द न् शब्द वाचावं, कारण 'पदवी' आणि 'पदव्युत्तर पदवी' या दोन शब्दांवर अर्ज बाद होऊ शकतो. हे बदलायलाच हवं. ज्याने दोन वर्षं फक्त नगर नियोजनाचाच अभ्यास केला, त्याची पहिली पदवी कुठली होती यावरून त्याला दारातच अडवण्यात काय अर्थ आहे? सेवाप्रवेश नियमांत 'मूळ शाखा कोणतीही असो, एम.प्लॅन ग्राह्य' एवढी एक ओळ आली तर भूगोलाच्या मुलांना ही वाट खऱ्या अर्थाने उघडेल. आमदारांनी निधी मागावा, पण ही ओळही मागावी.

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर विद्यार्थ्याने काय शिकावं याबद्दल आमचं मत ठाम आहे आणि ते शिकवणी वर्गांच्या क्रमाच्या उलटं आहे. आधी जमिनीचं दप्तर, मग पाणी, मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी संगणक.

दप्तर म्हणजे सातबारा, गावनकाशा, गटबुक, मालमत्ता पत्रक. जुनी मोजणी साखळी-आण्याची आहे. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. हे कळलं की जुनं टिपण वाचता येतं. पुढची मेख अशी, की सातबाऱ्यावर पोटहिस्से दिसतात पण गावनकाशावर बऱ्याचदा त्यांची रेघच नसते, कारण वाटणी कागदावर झाली आणि मोजणी झालीच नाही. गुंठेवारीतले तुकडे तर नकाशावर शोधूनही सापडत नाहीत. आराखड्यातला रस्ता अशा गटावरून नेला, की नेमका कुणाचा तुकडा गेला यावर वर्षानुवर्षं भांडण चालतं.

हा नकाशा संगणकात घेताना काय बिघडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. क्यूजीआयएस हे नकाशाच्या कामाचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. स्कॅन केलेला गावनकाशा उपग्रह चित्रावर बसवायला खऱ्या जागेचे बिंदू लागतात. चार बिंदूंवर नकाशा बसतो, पण चूक नीट कळत नाही. आठ-दहा घ्यावेत, चारही कोपऱ्यांत पसरलेले: तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, जुन्या गाडीवाटेचा फाटा. नवा डांबरी रस्ता घेऊ नये. तो मूळ नकाशानंतरचा असतो. कापडावर चिकटवलेला, घड्या पडलेला नकाशा एका बाजूने ताणलेला असतो. १:५००० प्रमाणावर एक मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर पाच मीटर. नऊ मीटरच्या रस्त्याचा अर्ध्याहून जास्त भाग शेजाऱ्याच्या घरात गेला! विद्यार्थी मग 'थिन प्लेट स्प्लाइन' हा पर्याय निवडतात. त्यात प्रत्येक बिंदू तंतोतंत बसलेला दिसतो आणि चूक शून्य दाखवते. ती गेलेली नसते, दोन बिंदूंच्या मध्ये लपलेली असते. आधी साधी पद्धत वापरून कुठला बिंदू किती सरकतो ते वहीत लिहावं, खोटा बिंदू काढावा. आणि क्षेत्रफळ काढण्यापूर्वी नकाशा यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत आणावा. सगळा खानदेश त्याच झोनमध्ये येतो. अक्षांश-रेखांशाच्या अंशांतच ठेवून साध्या हिशेबाने काढलेली हेक्टर ही हेक्टर नसतात.

मग जमीन वापराचं सर्वेक्षण. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात विकास आराखड्याचा क्रम स्पष्ट आहे: कलम २३ने इरादा जाहीर करायचा, कलम २५ने विद्यमान जमीन वापराचा नकाशा करायचा, कलम २६ने प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या, कलम २८ने सुनावणी, कलम ३१ने शासनाची मंजुरी, आणि वीस वर्षांतून एकदा तरी सुधारणा. सगळी इमारत कलम २५च्या नकाशावर उभी असते, आणि तोच घाईत उरकला जातो. हजारेक मिळकतींचा एक प्रभाग घेतला तर दोघांच्या जोडीला दहा-बारा दिवस लागतात. प्रत्येक मिळकतीला तळमजल्याचा वापर, वरच्या मजल्याचा वापर, मजले, बांधकाम पक्कं की कच्चं, गटार उघडं की बंद, नळ किती दिवसांआड येतो, हे रकाने हवेत. रस्त्याची रुंदी टेपने तीन जागी मोजायची आणि सर्वांत अरुंद ती लिहायची, कारण अग्निशमनाची गाडी तिथेच अडकते. निवासी पिवळा, वाणिज्य निळा, उद्योग जांभळा, सार्वजनिक लाल, खुली जागा हिरवा, हे रंग ठरलेले आहेत.

चुका कुठे होतात? समोर दुकान पाहून अख्खं घर निळं रंगवतात, मागची चार बिऱ्हाडं गायब होतात. सकाळी फिरतात, त्यामुळे संध्याकाळी भरणारा भाजीबाजार नकाशावर येत नाही आणि पुढे त्याच रस्त्यावर 'अतिक्रमण' म्हणून नोंदला जातो. मे महिन्यात सर्वेक्षण ठेवतात. ४५ अंशांच्या उन्हात दुपारी दार कोण उघडणार? निम्मी कुलपं पाहून घरं रिकामी लिहिली जातात. खानदेशात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं.

माणसांशी बोलताना भाषेचा प्रश्न येतो आणि इथलेपणाचं मोल तिथे कळतं. 'पर्जन्यजल निचरा समाधानकारक आहे काय?' या छापील प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात. 'पावसायामा पानी कथाईन येस नि कथा जास?' असं अहिराणीत विचारलं की म्हातारी माणसं ओसरीवरून उठून, काठीने दाखवत, बुजलेल्या नाल्याची पूर्ण वाट सांगतात. रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी-भिली, शहरांत उर्दू. बाहेरून आलेल्या सल्लागार कंपनीला हे कितीही पैसे मोजून पंधरा दिवसांत जमणार नाही.

पाण्याच्या बाबतीत खानदेशाला शिकण्यासाठी दूर जायचं कारण नाही. पांझरा नदीवरची फड पद्धत पाहा. बंधारा, त्यावरून पाट, पाटाखाली जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि पाणी वाटायला पाटकरी. पाणी कुठून येतं, कुठे पोहोचतं यावरून जमिनीचा वापर ठरायचा. आजच्या आराखड्यात आपण उलटं करतो, आधी रंग भरतो आणि मग पाणी शोधतो. धुळ्याचंही मूळ पाण्याशीच. १८१९मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जने हे मुख्यालयाचं गाव म्हणून निवडलं तेव्हा ते पाट आणि नदी यांच्या बेचक्यातलं, बागाईतीने वेढलेलं लहानसं गाव होतं. त्याने सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली, घरांसाठी जागा बिनभाड्याच्या दिल्या, बांधायला उचल दिली. आजही धुळ्यात पत्ता गल्लीच्या नंबराने सांगतात. धुळं विश्वेश्वरय्यांनी आखलं असं सर्रास बोललं जातं. त्यांचा जन्म १८६१चा, म्हणजे गल्ल्या त्यांच्या जन्माआधीच्या. त्यांचं खानदेशातलं काम पाण्याचं होतं, दातर्तीजवळ पांझरेच्या पाटाची नळी नाल्याखालून नेण्याचं. नगररचनेच्या विद्यार्थ्याने दोन्ही कामं जागेवर जाऊन पाहावीत आणि ऐकीव गोष्ट कागदाशी ताडून घेण्याची सवय तिथूनच लावावी.

शेवटच्या सत्राचा प्रबंध हा या शिक्षणाचा गाभा. पुण्या-मुंबईच्या मेट्रोवर प्रबंध लिहिणाऱ्यांची कमतरता नाही. चाळीसगाव घ्या. ३१ ऑगस्ट २०२१ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं. नियमांत निळी पूररेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित परवानगी. विद्यार्थ्याने त्या दिवशी भिंतींवर उमटलेल्या पाण्याच्या खुणा मोजाव्यात, लेव्हल यंत्राने त्यांची उंची काढावी, रेषांशी ताडाव्यात आणि प्रत्येक पुलाखालची मोरी किती बुजली आहे ते लिहावं. शंभर खुणांचा असा नकाशा नगरपरिषदेला दहा जाडजूड अहवालांहून जास्त कामाला येईल.

दुसरा विषय आरक्षणांचा. आराखड्यात बाग, शाळा, क्रीडांगण म्हणून जमीन राखायची आणि १० वर्षं घ्यायची नाही. मग मालक कलम १२७ची खरेदी सूचना देतो आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. गावाची मैदानं अशी जातात. नगरपरिषदेचं वार्षिक अंदाजपत्रक आणि आरक्षित जमिनीची शीघ्रसिद्ध गणकाची किंमत शेजारी-शेजारी मांडली, तर कुठली आरक्षणं पहिल्या दिवसापासून न परवडणारी होती ते सरळ दिसतं. त्याऐवजी टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क देऊन किंवा जमिनी एकत्र आखून मालकांना प्लॉट परत देणारी नगररचना योजना राबवून काय मिळवता आलं असतं हा हिशेब एखाद्या गावापुरता जरी कुणी पूर्ण केला, तरी पुढचा आराखडा वेगळा होईल.

आक्षेप आम्ही ऐकले आहेत. इथला माणूस इथल्या जमीनमालकांच्या दबावाखाली येईल, हा त्यातला वजनदार. दबाव येतोच, बाहेरच्यावरही येतो, फक्त त्याच्यावर आलेला गावाला कळत नाही. यावर उपाय आहेत. काम सुरू करण्याआधी आपले आणि जवळच्या नातलगांचे गट नंबर लेखी द्यावेत. सर्वेक्षणाच्या प्रत्येक पानावर तारीख आणि सही असावी, एक प्रत कार्यालयात त्याच आठवड्यात जमा व्हावी. मग रात्रीतून रेघ सरकली तर ती कुणी सरकवली हे दिसतं. दुसरा आक्षेप, शेवटी पुढारीच ठरवतात. ठरवतात खरं, पण हरकतीच्या सुनावणीत मोजलेली रुंदी आणि तारखेची नोंद समोर ठेवली की त्यांनाही कारण लेखी द्यावं लागतं. मोकळ्या हाताने गेलेल्या नागरिकाला दोन मिनिटांत बाहेर काढता येतं.

विद्यापीठाने लगेच मोठा नवा विभाग काढावा असं आम्ही म्हणत नाही. शिक्षकांविना काढलेला विभाग मुलांचं नुकसान करतो. जळगावच्या विद्यापीठाच्या भूगोल विभागाने आणि खानदेशातल्या स्थापत्य महाविद्यालयांनी मिळून एका सत्राचा नगर-अभ्यास सुरू करावा: चार भूगोलाचे, चार स्थापत्याचे विद्यार्थी, एक गाव, एक प्रभाग. आणि ज्या नगरपरिषदांच्या आराखड्याची सुधारणा जवळ आली आहे, त्यांनी नियोजनाच्या चार विद्यार्थ्यांना सहा महिने सशुल्क काम द्यावं. गेटच्या विद्यावेतनाचाच दर धरला तर ४ गुणिले ६ गुणिले १२,४००, म्हणजे २ लाख ९७ हजार ६०० रुपये. त्या बदल्यात नगरपरिषदेच्या हाती तपासलेला गटनकाशा, प्रभागवार जमीन वापराच्या पत्रिका, प्रत्येक नाल्याची उगमापासून नदीपर्यंतची वाट आणि खुल्या जागांची आजची स्थिती येईल. येत्या अंदाजपत्रकाच्या सभेत ही तरतूद कुठल्या नगरसेवकाने मांडली आणि कुणी विरोध केला, हे मतदारांनी इतिवृत्तात पाहावं.